बारा पट्ट्या, शहाण्णव जीबी

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. कोणाला दाखवायला नाही. सर्व्हर मी कसा सुधारला हे उद्या कोणी विचारलं, तर तारीखवार उत्तर हाताशी हवं, एवढ्यासाठीच. विचारतीलच.

परिस्थिती अशी. आमच्या नकाशा विभागात सहा जण नकाशे काढतात. सहाही जणांचे नकाशे एकाच सर्व्हरवर चालतात, आणि सर्व्हर गेली एकोणीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. सर्व्हर बदलले, ताबा बदलला नाही. हा चौथा. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः खोक्यातून काढला, स्वतः जोडला, सगळी सेटिंग स्वतः केली. पासवर्ड फक्त मला माहीत आहे.

सध्या नदीकाठचा मोठा नकाशा चालू आहे. सात फूट लांब. तीस तारखेला छापून द्यायचा आहे. तो उघडला की सर्व्हरची मेमरी संपते आणि सहाही पडदे गोठतात. मग विभागातल्या सगळ्यात जुन्या, थोरल्या बाई, मोठ्याने म्हणतात, गेला. आज अकरा वेळा म्हणाल्या. मी मोजतो आहे हे त्यांना माहीत नाही.

निदान झालेलं आहे: लोक मेमरी उधळतात. उपाय उद्यापासून.

३ सप्टेंबर, मंगळवार

मेमरी आचारसंहिता तयार केली. चौदा कलमं. मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावली. एका वेळी एकच नकाशा उघडा ठेवायचा. काम झालं की बंद. पडद्यामागे फुलं, डोंगर, मुलांचे फोटो नकोत. गाणी नकोत.

शेवटच्या कलमावर गवई चिडला. (दिवसभर गुणगुणतो म्हणून त्याला सगळे गवई म्हणतात.) म्हणाला, गाणी माझ्या फोनवर आहेत, सर्व्हरचा काय संबंध? मी म्हटलं, शिस्तीचा संबंध आहे. तो गुणगुणत जागेवर गेला.

आज ‘गेला’ नऊ वेळा. अकरावरून नऊ. सुधारणा दिसू लागली.

(दुपारनंतर थोरल्या बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. पण त्या असत्या तरी फार तर एकदा म्हणाल्या असत्या.)

४ सप्टेंबर, बुधवार

आचारसंहिता पुरेशी नाही. माणसाला भीती नसली की तो वाचत नाही.

नवी पद्धत: टोकन. लाल प्लास्टिकची तीन टोकनं केली. दाराशी खिळ्यांवर टांगली. मोठा नकाशा उघडायचा असेल तर टोकन घ्यायचं, बंद केला की परत टांगायचं. टोकन नाही तर नकाशा नाही. तीन टोकनं म्हणजे एका वेळी तीनच मोठे नकाशे. साधं गणित आहे. इतकी वर्षं कोणाला कसं सुचलं नाही?

५ सप्टेंबर, गुरुवार

थोरल्या बाई रजेवर. टोकन त्यांच्या पर्समध्ये. गवई टोकन गळ्यात घालून जेवायला गेला. उरलेल्या एका टोकनासाठी चौघांत भांडण. अकरा ते साडेबारा विभागात एकही रेघ ओढली गेली नाही.

मात्र सर्व्हर एकदाही गोठला नाही. हे कोणी बोलत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. शांत बाई आहेत, पण शांतपणे बोलतात तेव्हाच जास्त लागतं. म्हणाल्या, टोकनं काढा आणि मेमरी वाढवा. मी सांगितलं, तेच सुचवायला मी येणार होतो. (आलोही असतो.)

सध्या सर्व्हर चौसष्ट जीबी मेमरी दाखवतो. आणखी चौसष्ट घालायची. पुरवठादार म्हणून मी माझ्या मेहुण्याचं नाव दिलं. हिचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकतो. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीच त्याला पहिलं मशीन उघडायला शिकवलं. तेव्हा स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हेही त्याला येत नव्हतं. आता दुकान आहे, दोन माणसं हाताखाली आहेत, आणि बावीस तारखेला मोठ्या रस्त्यावर नवं दुकान उघडतोय.

ऑर्डर द्यायला फोन केला तर म्हणाला, भाऊजी, फीत तुम्हीच कापायची, दुसऱ्या कोणाचं नाव माझ्या मनात आलंच नाही. मी म्हटलं बघू, वेळ असला तर. (असतोच. पण लगेच हो म्हणू नये.)

पुढे मात्र म्हणाला, मेमरीच्या पट्ट्या देतो, पण आधी एकदा सेटिंग बघून घ्या. कानामागून आला आणि तिखट झाला, दुसरं काय! सेटिंग मी केलेली आहेत. मी काय बघायचं?

९ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ८.३०

पट्ट्या आल्या. चार. प्रत्येकीवर सोळा जीबी लिहिलंय. सोळा चोक चौसष्ट. नऊपूर्वी घालतो. जुने चौसष्ट आणि नवे चौसष्ट मिळून एकशे अठ्ठावीस. मॅडमना सव्वानऊला कळवतो.

९ सप्टेंबर. सकाळी ९.४०

शहाण्णव.

चौसष्ट पट्ट्या घातल्यावर बत्तीस वाढले. म्हणजे चौसष्ट *जीबीच्या* पट्ट्या. घाईत लिहितोय.

मॅडमना अजून कळवलेलं नाही.

९ सप्टेंबर. दुपारी

पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले. ही जुनी, खात्रीची पद्धत आहे, पुस्तकात मिळत नाही. मुलीचं खोडरबर सकाळीच खिशात टाकलं होतं, दूरदृष्टी म्हणतात ती हीच. नव्या चार घासल्या. जुन्या आठही घासल्या. शहाण्णव. पुन्हा घासल्या. शहाण्णव. खोडरबर अर्धं राहिलं.

आता शंकेला जागा नाही. मेहुण्याने नकली माल दिला. वर सोळा लिहिलंय, आत आठ आहेत.

घरचाच माणूस. म्हणून जास्त लागतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज एक धक्कादायक शोध लागला. घासताना जुन्या पट्ट्यांवर चिकटवलेली चिठ्ठी वाचली नव्हती. आज वाचली. त्यांच्यावरही प्रत्येकी सोळा लिहिलंय. सोळा आठे एकशे अठ्ठावीस. आणि सर्व्हर गेली तीन वर्षं चौसष्ट दाखवतोय!

बराच वेळ विचार केला. एकच निष्कर्ष निघतो. जुन्या आठांपैकी चार वयोमानाने मेलेल्या आहेत. नव्या चार नकली आहेत. म्हणजे दोन वेगवेगळ्या भानगडी, दोन्हींत बरोब्बर निम्मी मेमरी जावी, हा निव्वळ योगायोग. अशा योगायोगांनी भले भले गोंधळले असते. मी नाही.

हिला मेहुण्याचं सांगितलं. ही म्हणाली, तो असं करणारच नाही. मी म्हटलं, आपला तो बाब्या. ही ताट उचलून आत गेली.

११ सप्टेंबर, बुधवार

मेहुण्याला बोलावून घेतलं. दुसऱ्या चार पट्ट्या घेऊन आला. म्हणाला, दुकानात तपासून आणल्यात, पूर्ण चौसष्ट भरतात. मी म्हटलं, तुझ्या दुकानात, तुझ्या मशीनवर. आपल्या गल्लीत कोणीही वाघ असतो.

मुद्दाम सहाही नकाशेवाल्यांना आणि मॅडमना सर्व्हरच्या खोलीत बोलावलं होतं. साक्षीदार हवेत. पट्ट्या बदलल्या, सर्व्हर सुरू केला. सुरू होताना पडद्यावर ओळी सरकत जातात, तेवढ्या वेळात मी सगळ्यांना नकली माल कसा ओळखावा यावर थोडं बोललो. पंचवीस मिनिटं. मध्ये पडद्यावर आकडा आला: शहाण्णव. मी नुसतं बोट दाखवलं. शहाण्याला शब्दाचा मार.

मेहुणा पडद्याकडे बघत होता. मग माझ्याकडे बघितलं. मग त्या सहा जणांकडे. तोंड उघडलं आणि मिटलं. आधीच्या चार पट्ट्या पिशवीत घातल्या आणि निघून गेला. एक शब्द नाही. माणूस मूग गिळून बसला की समजावं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मेहुण्याचे सकाळपासून तीन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. चोराच्या मनात चांदणं.

ही म्हणाली, एकदा तरी उचला, त्याला काहीतरी सांगायचंय. मी म्हटलं, जे सांगायचं ते लेखी सांग म्हणावं. मग तो मेसेज पाठवेल म्हणून नंबरच ब्लॉक केला. तत्त्व म्हणजे तत्त्व. आणि मेसेज म्हणजे लेखी नव्हे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

मॅडमना तक्रारअर्ज दिला. नऊ पानं, दोन तक्ते, एक आकृती. देण्यापूर्वी नकाशा विभागात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवला. कोणाच्या पाठीमागे बोलायची मला सवय नाही. पाचव्या पानाला गवईने गुणगुणणं थांबवलं, इतका परिणाम झाला. (झोपला होता असं थोरल्या बाई म्हणतात. त्यांना खोड आहे.)

मॅडमनी विचारलं, तुमची पक्की खात्री आहे? तुमचे मेहुणे आहेत ना ते? मी म्हटलं, कर्तव्यापुढे नातं नाही. हे वाक्य चांगलं झालं. तेव्हाच सुचलं.

संध्याकाळी मेहुण्याचं नाव पुरवठादारांच्या यादीतून काढलं. आमच्या इमारतीत आणखी चार कार्यालयं आहेत, सगळी आमचीच यादी वापरतात. त्यांनाही कळवलं गेलं.

१६ सप्टेंबर, सोमवार

घरात शांतता. ही मला फक्त कामाचं विचारते: दूध आणलं का, दिवा बंद केला का. माझ्यामुळे नाही. सत्य पचायला वेळ लागतो.

सर्व्हर: आज ‘गेला’ सहा वेळा. शहाण्णवमुळे थोडा फरक आहे. ते श्रेयही मेहुण्याला द्यायला मी तयार नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

पट्ट्यांच्या जागा बदलून पाहिल्या. नव्या एका बाजूला, जुन्या दुसऱ्या बाजूला. सर्व्हरने दोन वेळा नुसतीच शिट्टी मारली. तिसऱ्यांदा सुरू झाला तो चौसष्ट घेऊन.

म्हणजे नकली पट्ट्यांच्या संगतीने चांगल्याही बिघडतात! हे कोणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. बहुधा मीच पहिला. संध्याकाळी पुन्हा जुन्या जागी लावल्या. शहाण्णव. अर्जाला दहावं पान जोडलं.

थोरल्या बाईंनी विचारलं, तीस तारखेला नकाशा होणार का? मी म्हटलं, नकाशाचं माहीत नाही, न्याय होणार. त्या म्हणाल्या, मला नकाशा हवाय.

२० सप्टेंबर, शुक्रवार

हिने परवाच्या उद्घाटनाची आठवण केली. म्हणाली, त्याने फितीचं अजून दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. मी स्पष्ट सांगितलं, ज्याच्या मालावर माझी दहा पानांची तक्रार आहे त्याच्या दारात मी कात्री घेऊन उभा राहणार नाही. लोक काय म्हणतील? ही म्हणाली, लोक काही म्हणणार नाहीत, तोच काहीतरी म्हणेल, आणि तुम्ही ते ऐकून घ्या एवढंच माझं म्हणणं आहे.

हिला तांत्रिक बाबी कळत नाहीत.

२२ सप्टेंबर, रविवार

ही आणि मुलगी सकाळी दहाला गेल्या. मी घरी. वाचन केलं. घरात इतकं छान शांत असतं हे माहीत नव्हतं. दोनदा चहा केला, स्वतः. साडेअकराला शर्ट बदलला, पण ते उकडत होतं म्हणून.

दोघी तीनला आल्या. कसं झालं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, बाबा, तुम्ही चांगला शर्ट घातलाय. मी म्हटलं, असंच.

२३ सप्टेंबर, सोमवार

मॅडमनी सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या तपासनीस बाईंना बुधवारी बोलावलंय. मला न विचारता. आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, ही तर सोन्यासारखी संधी आहे. कंपनीचं माणूस म्हणजे तटस्थ साक्षीदार. तिच्यासमोर एकदा सिद्ध झालं की मेहुणा तर मेहुणा, हीसुद्धा गप्प बसेल.

संशयित पट्ट्या हिरव्या धाग्याने, मेलेल्या काळ्या धाग्याने ओळखू येतील अशा बांधून ठेवायच्या. मेलेल्या चार कोणत्या हे नक्की नाही. अंदाजे बांधतो.

२५ सप्टेंबर, बुधवार

जेवढं झालं तेवढं लिहितो.

तपासनीस बाई साडेदहाला आल्या. माझ्याच वयाच्या. हातात फक्त एक छोटी पिशवी. मी बारा पट्ट्यांचा इतिहास सांगायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं. या सर्व्हरचा पासवर्ड आणखी कोणाकडे आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तीन वर्षांत माझ्याशिवाय या मशीनला कोणी बोट लावलेलं नाही. मॅडम, थोरल्या बाई, गवई, सगळे होते. मी जरा मोठ्यानेच म्हटलं.

पट्ट्यांना त्यांनी हातही लावला नाही. मी खोडरबर पुढे केलं, त्यांनी ते नम्रपणे टेबलावर ठेवलं. सर्व्हर बंद करून सुरू केला, सुरू होतानाच एक बटण दाबून आतल्या सेटिंगच्या पानावर गेल्या, मेमरीची ओळ उघडली. तिथे लिहिलं होतं: मिरर. त्या म्हणाल्या, हे काय?

मी म्हटलं, कारखान्यातून आलं असेल.

त्या म्हणाल्या, कारखान्यात हे बंद असतं. मग मॅडमना समजावून सांगितलं. हे सेटिंग चालू असलं की मशीन प्रत्येक गोष्ट दोन जागी ठेवतं. एक पट्टी बिघडली तरी दुसरीतल्या नकलेवर काम चालू राहतं. सुरक्षित असतं, पण त्यासाठी अर्धी मेमरी राखून ठेवावी लागते. एकशे अठ्ठावीस असतील तर चौसष्ट दिसणार. एकशे ब्याण्णव असतील तर शहाण्णव.

गवईने बोटांवर हिशेब केला. त्याला तेव्हाच हिशेब यावा!

सेटिंग कधी बदललं याची मशीन स्वतः नोंद ठेवतं हे मला आठवायला हवं होतं. बाईंनी ती नोंद उघडली. तीन वर्षांपूर्वीची तारीख. दुपारी चार बावन्न. पुढे वापरणाऱ्याचं नाव.

माझंच होतं.

त्यांनी सेटिंग बदललं. सर्व्हर सुरू झाला. एकशे ब्याण्णव. थोरल्या बाईंनी नदीकाठचा नकाशा उघडला. उघडायला लावून बाहेर चहाला जायची त्यांना सवय आहे. त्या खुर्चीतून उठेपर्यंत नकाशा उघडला होता. परत बसल्या.

निघताना तपासनीस बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, खरं तर नव्या पट्ट्यांचीही गरज नव्हती. वाईट हेतूने म्हणाल्या नाहीत. त्यामुळेच जास्त लागलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

शांत डोक्याने विचार केला. तांत्रिकदृष्ट्या माझं काहीही चुकलेलं नाही.

मुद्दा एक. मिरर हे सेटिंग सुरक्षेसाठी असतं. ते मी लावलं, म्हणजे मी सुरक्षेचा विचार केला. तेव्हा नकाशे लहान होते, चौसष्टही जास्त होते. नकाशे मोठे झाले हा माझा दोष नाही. मुद्दा दोन. तीन वर्षांत एकही पट्टी बिघडली नाही. (दहा तारखेला चार मेल्या असं लिहिलंय. खोडायचं का? नको. रोजनिशीत खोडाखोड नको.) मुद्दा तीन. माणूस एकोणीस वर्षांत शेकडो सेटिंग करतो. त्यांतलं एखादं विसरतो.

मुद्दा चार सुचत नाही.

आज ‘गेला’ एकदाही ऐकू आलं नाही. सगळे काम करत होते. कोणी काही टोमणा मारला नाही. मला वाटलं होतं मारतील. उत्तरं तयार होती.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

मॅडम म्हणाल्या, पुरवठादाराचं नाव यादीत परत घ्यायचं तर तक्रार मागे घेतल्याचं पत्र लागेल, तुमच्या सहीचं. मी लिहिलं: ‘सदर पुरवठादाराचे नाव पुन्हा यादीत घेण्यास माझी हरकत नाही.’ एवढंच. कारण लिहिलं नाही. हरकत नाही म्हटल्यावर कारण कशाला? मॅडमनी वाचलं, परत माझ्या हातात दिलं, आणि म्हणाल्या, सोमवारी द्या.

उद्या मेहुण्याच्या दुकानात जातो. माफी मागायला नव्हे. मोठेपणा घ्यायला. झालं गेलं दोघांनीही विसरू या, चूक कोणाचीही होऊ शकते, असा सूर ठेवायचा. ‘दोघांनीही’ हा शब्द महत्त्वाचा.

हिला सांगितलं, उद्या जातोय. हिने कपाटातून रविवारचा शर्ट काढला. मग म्हणाली, जाताना शर्ट तोच घाला.

२८ सप्टेंबर, शनिवार

नवं दुकान चांगलं आहे. मोठं, स्वच्छ, भरपूर उजेड. गिऱ्हाईक मात्र नव्हतं. हाताखालच्या दोन माणसांपैकी एकच दिसला. दुसऱ्याचं विचारलं नाही. आमच्या इमारतीतली पाच कार्यालयं हे त्याचं निम्मं काम होतं, हे मला आधीपासून माहीत होतं. आज दिसलं.

मेहुण्याने खुर्ची पुसून दिली. मी सुरुवात केली, झालं गेलं दोघांनीही विसरू या. तो म्हणाला, सेटिंग सापडलं का भाऊजी?

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाला, कोणी नाही. अकरा तारखेला तुम्ही बोलत होता तेव्हा पडद्यावरून ओळी सरकत होत्या, त्यांत मिररची ओळ गेली, मी वाचली. मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललास? त्याने माझ्यापुढे चहाचा कप सरकवला. मग म्हणाला, तुमचे सगळे लोक उभे होते, मॅडमही होत्या, आणि तुम्ही त्यांना शिकवत होता. त्या सगळ्यांसमोर मी कसं सांगणार? म्हटलं, उद्या फोन करून हळूच सांगू, म्हणजे तुम्हीच शोधून काढलं असं होईल. तुम्ही उचलला नाहीत. मेसेज केला, तो जाईना. ताईला सांगावं वाटलं, पण मग तुम्हाला घरातच ऐकावं लागलं असतं.

मी चहा पीत राहिलो. कप रिकामा होता.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, उद्घाटनाची फीत कोणी कापली? म्हणाला, कोणी नाही. ताई म्हणत होती थांबू या, येतील. साडेबारापर्यंत थांबलो. मग एक गिऱ्हाईक आलं. त्याला चार्जर हवा होता. तो फितीखालून वाकून आत आला आणि मग दुकान चालूच झालं.

हे सांगताना तो हसला. मला हसू आलं नाही. मला रडू आलं, पण ते दुकानात दाखवण्यासारखं नव्हतं. म्हटलं, येतो. त्याचा नंबर रस्त्यावर उभं राहून पुन्हा सुरू केला. बारा तारखेचे मेसेज काही आले नाहीत. ब्लॉक केल्यावरचे येत नाहीत, हे मलाच ठाऊक असायला हवं.

२९ सप्टेंबर, रविवार

पत्र लिहितोय. पहिला मसुदा चार पानं झाला. त्यात तीन पानं माझी बाजू. दुसरा दोन पानं. हिने विचारलं, काय लिहिताय एवढं? मी म्हटलं, माफी. ही म्हणाली, ती एवढी लांब असते होय?

तिसरा मसुदा तीन ओळी.

ठराव: पत्र नुसतं मॅडमच्या टेबलावर ठेवायचं नाही. तक्रार ज्या सहा जणांसमोर वाचली, पत्रही त्यांच्यासमोरच वाचायचं. उभं राहून, मोठ्याने. मेहुणा ज्यांच्यासमोर माझ्यासाठी गप्प बसला, त्यांच्यासमोरच मी बोलणार. हसले तर हसू देत. कोणाला घाबरतोय की काय!

३० सप्टेंबर, सोमवार

मॅडमना पत्र दिलं. त्यांनी वाचून लगेच सही केली. मेहुण्याचं नाव यादीत परत. चारही कार्यालयांना कळवलं.

अकरा वाजता नकाशा विभागात गेलो. घसा साफ केला. दाराजवळ उभा राहिलो आणि वाचलं: ‘मी १३ सप्टेंबर रोजी पुरवठादारावर केलेला आरोप खोटा होता. माल पूर्ण व चांगला होता. चूक माझ्या सेटिंगची व माझीच होती.’ आवाज एकदाच कापला, शेवटी. पण थांबलो नाही.

वाचून झाल्यावर वर पाहिलं. कोणीही वर पाहिलेलं नव्हतं. सगळे भराभर काम करत होते. सर्व्हर आता कोणाला थांबवत नाही, मग ते कशाला थांबतील? गवईच्या दोन्ही कानांत गाणी. कोपऱ्यातल्या दोघी एकाच नकाशात डोकं घालून. मी विचारलं, ऐकलंत ना सगळ्यांनी? थोरल्या बाई म्हणाल्या, काय? जरा सरका बघू, तुमच्यामागे प्रिंटर आहे, नदीचा नकाशा बाहेर येतोय.

सरकलो. सात फुटी कागद हळूहळू बाहेर येत होता. एक टोक बाईंनी धरलं. दुसरं धरायला कोणी नव्हतं, म्हणून मी धरलं. दोन्ही हात त्यात गुंतलेले, पत्र खिशात. तरी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. तसाच उभा राहून बाईंना सांगितलं, चूक माझी होती, माझ्या मेहुण्याची काही चूक नव्हती.

बाई म्हणाल्या, ते सगळ्यांना ठाऊक आहे हो, तुम्ही टोक सरळ धरा.